घड्याळ न कळणारं मीटर

ऑगस्टमध्ये लोणावळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तरी सकाळचे नऊ वाजले की नवं मीटर लागलेल्या घरात वीज युनिटमागे ८० पैशांनी स्वस्त होते आणि संध्याकाळी पाचला पुन्हा मूळ दरावर जाते. भिंतीपलीकडच्या घरात जुनं मीटर आहे. तार तीच, डीपी तीच, खांब तोच, पाऊसही तोच. पण तिथं दिवसभर एकच दर. दोन घरांत फरक एवढाच की एका मीटरला घड्याळ कळतं, दुसऱ्याला कळत नाही.

मला हे अन्यायाचं वाटतं, म्हणून या आठवड्यात त्यावरच लिहितो आहे.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा २५ जून २०२५ चा आदेश १ जुलैपासून लागू झाला. त्यात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळाली. सुरुवात ८० पैशांपासून, आणि पाच वर्षांत ती टप्प्याटप्प्यानं १ रुपयापर्यंत जायची आहे. सवलत ढगाला नाही, उन्हालाही नाही, घड्याळाला आहे. लोणावळ्यात धुकं असलं तरी धुळे जिल्ह्यात साक्रीच्या माळावर ऊन असतं, आणि तिथल्या सौर पट्ट्यांची वीज त्याच जाळ्यातून आपल्याकडे येते. दुपारी ती मुबलक असते, संध्याकाळी नसते. दिवसा वापरा, स्वस्तात घ्या, एवढाच याचा अर्थ. मात्र घरात टीओडी मीटर हवं, ही अट आहे. ‘टाइम ऑफ डे’चं हे लघुरूप. साध्या मराठीत म्हणायचं तर वेळ नोंदवणारं मीटर.

जुनं मीटर वेळ का नोंदवत नाही, हे ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. काळ्या बेकेलाइटचा डबा, पुढे काच, काचेमागे अॅल्युमिनियमची चकती. लहानपणी आम्ही ओटीवर उभं राहून त्या चकतीवरची खूण मोजायचो. इस्त्री लावली की चकती पळायची, सगळे दिवे बंद केले की जागच्या जागी थांबायची. वीज म्हणजे काय हे शाळेच्या आधी आम्हाला त्या चकतीनं शिकवलं. पण ती करायची फक्त बेरीज. एखादं युनिट पहाटे पाचला वापरलं की दुपारी दोनला, हे तिच्या आकड्यात कुठेच उमटत नसे. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आली. चकती गेली, आकडे चमकू लागले, तरी घरगुती बिलात वेळ काही आली नाही. नवं मीटर प्रत्येक अर्ध्या तासाचा वापर वेगळा लिहून ठेवतं आणि तो मोबाइलच्या जाळ्यातून कार्यालयाकडे पाठवतं. ८० पैसे या नोंदीमुळे मिळतात. नोंद नाही तर सवलत नाही.

आणि हे घड्याळ लोणावळ्याला नवं नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते.

८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसवली. लोणावळा, वलवण आणि शिरोता इथं पाणी अडवलं गेलं. ते घाटाखाली, पाचेकशे मीटर खोल खोपोलीत उतरवलं, आणि १९१५ मध्ये त्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. कोळशाच्या धुरात चालणारे माग मावळच्या पावसावर चालू लागले. पुढे अंदर मावळात ठोकळवाडीचं धरण झालं आणि १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. त्यापुढे मुळशी. तिथं जमिनीसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली.

या तीन वीजघरांचं मोल नुसत्या मेगावॉटमध्ये नाही. खोपोली ७२, भिवपुरी ७५, भिरा ३००. आजच्या औष्णिक केंद्रांपुढे हे आकडे लहान आहेत. मोल आहे ते वेळेत. कोळशाची भट्टी अर्ध्या तासात पेटवता-विझवता येत नाही. धरणाचं पाणी मात्र हवं त्या क्षणी सोडता येतं. मुंबईत संध्याकाळी दिवे लागले, मागणी चढली की झडपा उघडायच्या. मध्यरात्री उतरली की मिटायच्या. भिऱ्याचा १५० मेगावॉटचा एक संच तर विजेची मागणी कमी असताना खालचं पाणी परत वर चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी पुन्हा खाली सोडून वीज करतो. वेळेप्रमाणे विजेची किंमत बदलते, हे तत्त्व इथल्या अभियंत्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

म्हणजे शंभराहून अधिक वर्षं मावळचं पाणी घड्याळ बघून मुंबईला वीज देतं आहे. त्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरं गेली, त्यांच्या नातवंडांच्या ओटीवर मात्र अजून घड्याळ न कळणारं मीटर. माझं म्हणणं एवढंच आहे की नवी मीटर द्यायची रांग लावायची असेल तर ती अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातल्या वाड्यांपासून लावा. शहरापासून नको, बंगल्यांपासून तर नकोच.

बंगल्यांचं मुद्दाम म्हणतो. हिशेब करून बघा. वाडीतल्या एखाद्या आजीच्या घरी महिन्याला ७० युनिटं लागतात. दोन दिवे, पंखा, टीव्ही, छोटा फ्रीज. त्यातली समजा २० युनिटं ९ ते ५ मध्ये पडली. सवलत १६ रुपये. आता एखाद्या बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाचा एक अश्वशक्तीचा पंप घ्या. दिवसा आठ तास चालला तर सहा युनिटं. महिन्याला १८० युनिटं, सवलत १४४ रुपये. मालक शनिवारी येणार, पंप रोज चालणार. सवलत युनिटावर असते, गरजेवर नसते. जो जास्त जाळतो त्याला जास्त मिळते. हे दराच्या रचनेतच आहे, ते मीटरनं बदलणार नाही. पण कुणाला आधी मिळावं हे तर आपण ठरवू शकतो.

१६ रुपये म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं एकदा कामशेतच्या बाजारात १६ रुपये घेऊन उभं राहावं. आणि आजीचे १६ आहेत, पण घरात काम करणाऱ्या बाईचे नाहीत. घरघंटी, शिलाईचं मशीन, मसाल्याचा मोठा मिक्सर, विहिरीची मोटार हे सगळं दिवसा चालतं. पावसाळ्यात मावळात कपडे वाळत नाहीत, घरोघरी इस्त्री फिरवून ते वाळवावे लागतात, तेही दुपारीच. एक किलोवॉटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट. ज्या घरात महिन्याला २०० युनिटं लागतात आणि बाई दिवसभर घरात राबते, तिथं १०० युनिटं ९ ते ५ मध्ये सहज पडतात. ८० रुपये महिना, ९६० रुपये वर्षाला. आजवर घरात राबणाऱ्या बाईच्या वेळेला वीजबिलात किंमत नव्हती. या दरपत्रकानं ती पहिल्यांदा थोडीशी दिली, म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे.

नोकरदाराचं दुखणं मात्र खरं आहे. सकाळी लोकल धरून पुण्याला जाणारा आणि दिवे लागल्यावर परतणारा माणूस ९ ते ५ मध्ये घरात नसतोच. त्याच्या घरी दोन किलोवॉटचा गिझर सहा-सातला लागतो, नऊच्या आत बंद होतो. त्यानं काय करावं? कपड्यांचं मशीन रविवारी दुपारी लावावं, वरच्या टाकीत पाणी चढवायची मोटार सोसायटीनं सकाळी सातऐवजी साडेनऊला सुरू करावी. तळेगाव-चाकणला दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीत जाणारे दिवसा घरी असतात, त्यांचं जमून जाईल. बाकीच्यांना फार लाभ नाही, आणि तो आहे असं त्यांना कुणी सांगूही नये.

गंमत नाही, दुःख म्हणून सांगतो: याच कामगाराच्या कारखान्याला वेळेप्रमाणे दर कित्येक वर्षांपासून आहे. संध्याकाळी महाग, रात्री सवलत. त्या सवलतीच्या हिशेबावर कारखान्यांनी रात्रीच्या पाळ्या बसवल्या, भट्ट्या रात्री पेटवल्या. आता नव्या रचनेत ती सवलत रात्रीकडून दिवसाकडे सरकली. मालकाकडे हा हिशेब सांगायला अभियंता असतो. कामगाराच्या बायकोला तो कुणी सांगितला? मीटर बदलणारा मुलगा वीस मिनिटांत येतो, तारा काढतो, तारा जोडतो, फोटो घेतो, जातो. दुपारी मशीन लावा, आठवड्याला इतके पैसे वाचतील, हे सांगायला तो थांबत नाही. त्याला दिवसाला ठरावीक मीटर बसवायची असतात, त्याचा दोष नाही. सांगणं हे महावितरणचं काम आहे. गावोगावच्या ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत, मराठीत, आकडे मांडून.

लोक नव्या मीटरला घाबरतात, त्याचं कारण ते अडाणी आहेत असं नाही. त्यांना जे सांगितलं गेलं ते वर्षभरात बदललं, म्हणून ते घाबरतात.

केंद्राची सुधारित वितरण क्षेत्र योजना २०२१ मध्ये आली. देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायची, असं तिचं लक्ष्य. महाराष्ट्रात दोन कोटींहून अधिक मीटरांची कंत्राटं दिली गेली. आधी पैसे भरा, मग वीज वापरा, हे ऐकून राज्यभर विरोध उठला. प्रताप होगाडे यांच्या महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेनं तो गावागावांत नेला. लोकसभेच्या निकालानंतर, जून २०२४ मध्ये, तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर लावली जाणार नाहीत. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. २०२५ मध्ये घरोघरी मीटर बदलायला सुरुवात झाली, तेव्हा नाव होतं टीओडी मीटर.

सरकारी बाजू अशी आहे की हे प्रीपेड नाही. बिल पूर्वीसारखंच महिन्यानंतर येतं, ग्राहकाकडून मीटरचे पैसे घेतले जात नाहीत. हे खरं आहे. पण मंत्र्यानं ‘लावणार नाही’ म्हटल्यावर लोकांनी लक्षात ठेवलं ते ‘लावणार नाही’ एवढंच. आमची भूमिका बदलली, अमुक कारणानं बदलली, प्रीपेड वगळलं आणि बाकीचं ठेवलं, असं त्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. नाव बदलून विश्वास मिळत नाही, आणि इथं तर चांगल्या गोष्टीवरचाही विश्वास गेला.

दुसरी भीती बिल वाढण्याची. तिच्याबद्दल सरळ बोललं पाहिजे. काही घरांत मीटर बदलल्यावर बिल वाढतं, आणि दर वेळी नवं मीटर खोटं असतं असं नाही. चकतीचं मीटर जुनं झालं की झिजतं, हळू फिरतं, अगदी लहान भार असेल तर हलतही नाही. दहा वॉटचा एखादा डबा, टीव्हीचा म्हणा की इंटरनेटचा, चोवीस तास चालू राहिला तर महिन्याला सात युनिटं घेतो. जुनं मीटर ती सात युनिटं गिळायचं, नवं मीटर ती मोजतं. पण बिल दुप्पट झालं तर त्याला हे कारण पुरत नाही. तेव्हा गेल्या वर्षीचं त्याच महिन्याचं बिल काढा, शेजारी ठेवा आणि लेखी अर्ज करून मीटर तपासणी मागा. ठरलेलं शुल्क भरून तपासणी मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेनुसार मीटर सदोष निघालं तर तपासणीच्या निकालाप्रमाणे जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल दुरुस्त होतं. म्हणून वर्षभर वाट बघत बसू नका. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे.

तिसरी भीती मात्र मलाही आहे. केंद्र सरकारनं जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियम बदलले आणि शेतीपंप सोडून सगळ्यांना उशिरात उशिरा १ एप्रिल २०२५ पासून वेळेप्रमाणे दर लावायला सांगितलं. त्या नियमांत दोन्ही बाजू आहेत. उन्हाच्या वेळी वीज स्वस्त आणि मागणीच्या वेळी महाग. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला आज फक्त स्वस्ताची बाजू लागू आहे, संध्याकाळी जादा आकार नाही. पण मीटर तर आता दोन्ही मोजू शकतं. उद्या कुणी संध्याकाळी सहा ते दहाला युनिटमागे रुपया चढवायचा ठरवला तर नवं यंत्र लागणार नाही, फक्त नवा आदेश लागेल. आणि संध्याकाळी सहा ते दहा म्हणजे स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, थकून आलेल्या माणसाचं गरम पाणी. ते दुपारी ढकलता येत नाही. दुपारची सवलत दाखवून संध्याकाळचा दंड आणला तर ती गरीब घराची फसवणूक होईल. घरगुती ग्राहकाला, निदान महिन्याला ३०० युनिटांच्या आतल्या ग्राहकाला, संध्याकाळचा जादा आकार कधीही लागणार नाही, असं राज्य सरकारनं आणि आयोगानं आज लेखी सांगावं. मावळच्या आमदार-खासदारांनी ते मागावं. मुंबईला संध्याकाळची वीज देणारं पाणी त्यांच्याच मतदारसंघातलं आहे, एवढी आठवण त्यांना पुरे.

भाडेकरूंचं राहिलं. लोणावळ्यात आणि तळेगावात खोल्या भाड्यानं देणाऱ्यांचं मुख्य मीटर एक असतं आणि खोल्यांना मालकाची आतली मीटर. सवलत मुख्य मीटरवर, म्हणजे मालकाच्या बिलात उतरणार. भाडेकरूकडून मात्र युनिटमागे ठरलेला जुनाच दर घेतला जाणार. मालकांनो, दुपारी घरी असणारी ती पोरं रात्रपाळी करून झोपलेली असतात, त्यांच्या पंख्याचे ८० पैसे त्यांचे आहेत. ते त्यांना द्या.

खेड्यात मोबाइलला रेंज नसते, तिथं हे मीटर काय कामाचं, असंही विचारलं जातं. मीटर आपल्या आतच नोंदी साठवून ठेवतं, रेंज नाही म्हणून त्या पुसल्या जात नाहीत. पण त्या गोळा करायला माणूस वेळेवर गेला नाही तर बिल पुन्हा सरासरीनं येणार आणि सरासरीच्या बिलात ९ ते ५ कुठून येणार? तेव्हा अंदर मावळात मीटर बसवण्याआधी रीडिंगची सोय ठरवा. मीटर आधी आणि रीडिंग मागून, असं होऊ देऊ नका.

एवढं सगळं तोलून माझं मत स्पष्ट आहे. मीटर बदलून घ्यावं. आंधळेपणानं नाही, डोळे उघडे ठेवून. जुनं मीटर हळू फिरतं म्हणून ते जपायचं, हा विचार मला पटत नाही. तो शेजाऱ्याच्या बिलातून आपली वीज भागवण्याचा विचार आहे. आणि नवं मीटर बसलं म्हणून आपलं काम संपलं, असंही नाही. पुढच्या बिलावर ९ ते ५ च्या वापराची वेगळी नोंद आहे का, तिच्यावर सवलत वजा झाली आहे का, हे पाहा. नसेल तर १९१२ वर फोन करा, आणि तक्रारीचा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माणूस मीटर बदलायला आला की त्याचं ओळखपत्र आधी बघा. त्याला पाणी द्या, बसायला द्या, भर पावसात आलेला असतो. पण जुन्या मीटरच्या तारा सुटण्याआधी त्यावरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये घ्या. नव्या मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचा आकडा यांचाही घ्या. बदलाच्या अहवालावर दोन्ही आकडे लिहिलेले दिसल्याशिवाय सही करू नका.